पर्वतयुद्ध आणि हवाई दल : प्रस्तावना

लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाणारी वाट जिथे घाटमाथा सोडून कोकणात उतरू लागते, त्या उतारावर १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची मोगल फौज शिरली. दोन्ही अंगांचे डोंगर आधीच शिवाजीमहाराजांच्या सैन्याने धरून ठेवले असल्यामुळे तोफा, हत्ती आणि संख्याबळ यांपैकी कशाचाही त्या फौजेला उपयोग झाला नाही. उंबरखिंडीच्या अरुंद आणि निर्जल दरीत कोंडलेल्या खानाला अखेर फौजेसोबत असलेल्या सरदार रायबागनच्या सल्ल्याने शरण जाऊन, सरंजाम मागे टाकून, जीव वाचवावा लागला. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १८१८ च्या मार्चमध्ये, याच मावळात इंग्रजांनी विसापूर घेतला. विसापूर लोहगडाहून थोडा उंच आणि त्याच्या अगदी समोर असल्यामुळे तिथून तोफांचा मारा सुरू होताच बळकट म्हणून नावाजलेला लोहगड एका दिवसाच्या अंतराने पडला. डोंगरी युद्धाचे दोन मूलभूत सिद्धांत मावळच्या या दोन प्रसंगांत पूर्णपणे सामावलेले आहेत: ज्याच्या हाती वरचा माथा त्याच्या हाती खालची वाट, आणि ज्याची रसद तुटली त्याचे शौर्य निरुपयोगी.

विमानाचा शोध लागल्यावर या दोन सिद्धांतांचे काय झाले, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. वरवर पाहता उत्तर सोपे वाटते. सर्व शिखरांच्याही वर उडू शकणारे वाहन हाती आले, म्हणजे प्रत्येक लोहगडावर एक विसापूर आपोआप उभा राहिला आणि उंचीचा प्रश्न कायमचा सुटला, असे मानण्याकडे सामान्य वाचकाचाच नव्हे, तर कित्येक राज्यकर्त्यांचा आणि क्वचित सेनानींचाही कल असतो. गेल्या पाऊण शतकातील हिमालयीन मोहिमांचा इतिहास मात्र हे उत्तर मान्य करीत नाही. त्या इतिहासाचा मी जो अर्थ लावला आहे, तो आरंभीच स्पष्टपणे सांगणे उचित होईल. अत्युच्च पर्वतप्रदेशात हवाई दलाचे पहिले आणि सर्वांत निर्णायक कार्य आहे वाहून नेण्याचे. प्रहाराचे कार्य मोठे असले तरी त्याच्या मागोमाग येणारे आहे. आणि ही दोन्ही कार्ये शांततेच्या काळात केलेल्या तयारीवाचून युद्धकाळात उभी करता येत नाहीत.

या विधानाचे मूळ हवेच्या गुणधर्मात आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. विमानाचे पंख हवेला रेटून वजन उचलतात आणि इंजिन हवेतला प्राणवायू घेऊन इंधन जाळते. त्यामुळे हवा विरळ झाली की उचलणारा आणि ढकलणारा असे दोघेही एकाच वेळी दुबळे होतात. तेवढेच वजन घेऊन उडायचे तर धावपट्टीवर अधिक वेग घ्यावा लागतो, अधिक वेगासाठी अधिक लांब धावपट्टी लागते, आणि डोंगरांच्या बेचक्यात लांब, सपाट जागा तर नेमकी दुर्मिळ असते. मुंबईकडून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिने जोडावी लागतात, तेव्हाच त्या भोरघाट चढून लोणावळ्याला पोहोचतात. चढाचा कर ताकदीच्या रूपाने भरावा लागतो, ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. विमान हा कर बहुतेक वेळा ओझे कमी करूनच भरते. मैदानी तळावरून पूर्ण भाराने उडणारे विमान लेहसारख्या सुमारे १०,७०० फुटांवरच्या तळावरून तेवढा भार घेऊन उडू शकत नाही. आणि उन्हाळ्याच्या दुपारी हवा तापून आणखी विरळ होत असल्याने तिथली विमाने शक्यतो सकाळीच येऊन सकाळीच परत फिरतात.

त्यात भर पडते वाऱ्याची. कामशेतच्या टेकड्यांवरून पॅराग्लायडिंग करणारे तरुण ज्या वाऱ्यांचा अभ्यास करतात, म्हणजे उतार तापला की वर चढणारा, कड्याला आपटून उसळणारा आणि कड्याच्या पाठीमागे भोवऱ्यासारखा खाली ओढणारा, तेच वारे हिमालयाच्या खिंडींत अनेकपटींनी प्रबळ असतात. दरी अरुंद असते, वळण्यास जागा नसते, ढग माथ्यांवर अकस्मात उतरतात, आणि चूक सुधारण्यासाठी लागणारा वेळ वैमानिकाला पर्वत देत नाही. पर्वतातील हवाई मोहिमेची योजना करणाऱ्याने नकाशावरचे अंतर मोजण्याआधी ही सर्व हिशेबाची बाब ध्यानात घ्यावी लागते.

इतिहासाकडे वळताना मी आरंभ १९४४ पासून केला आहे. कारण हवाई रसदीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोहोंचा धडा भारतीय सैन्याला त्या वर्षी ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर मिळाला. मणिपूरच्या डोंगरांत सांगशाक येथे त्या मार्चमध्ये जपानी फौजेला अडवून धरणाऱ्या तुकड्यांत मराठा पलटणीची चौथी बटालियन होती. तिला विमानांतून अन्न, पाणी आणि दारूगोळा टाकला जात होता. पण मोर्चाचा घेर इतका लहान होता की पुष्कळशा छत्र्या शत्रूच्याच हाती पडल्या, आणि त्या शूर तुकडीला अखेर ते ठाणे सोडावे लागले. उलट, इंफाळचे मैदान आणि तिथले विमानतळ आपल्या हाती राहिल्यामुळे वेढा पडलेली संपूर्ण फौज महिनोन्‌महिने आकाशमार्गे जगली आणि शेवटी तिने शत्रूला मागे रेटले. वरून टाकलेली रसद आणि जमिनीवर उतरवलेली रसद यांतील हे अंतर पुढच्या प्रत्येक मोहिमेत पुन्हा दिसते.

स्वातंत्र्य मिळून तीन महिने होण्याच्या आतच ते दिसले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांनी पहिली शीख पलटण श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरवली. दोन-चार दिवसांच्या विलंबाने ती धावपट्टी शत्रूच्या हाती गेली असती, तर काश्मीरचा इतिहास निराळा झाला असता, यात शंका घेण्याचे कारण नाही. पूंछला वेढा पडला, तेव्हा तिथे आश्रयाला आलेल्या लोकांनी श्रमदानाने विमानपट्टी तयार केली आणि त्या पट्टीच्या आधारावर ते शहर वर्षभर टिकले. लेहमध्ये सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने स्थानिक माणसांच्या साहाय्याने वाळूत धावपट्टी आखली, आणि २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन आपले डाकोटा तिच्यावर उतरवले. त्या विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. खिंडी ओलांडताना जी उंची गाठावी लागली, ती त्या विमानासाठी कुणी कल्पिलीही नव्हती. लेह त्यामुळे वाचले. त्याच काळात स्कर्दूचा किल्ला मात्र लेफ्टनंट कर्नल शेरजंग थापा यांनी अतुलनीय धैर्याने सहा महिने लढवूनही १४ ऑगस्ट १९४८ रोजी पडला. तिथे आपले विमान उतरू शकत नव्हते, आणि लढाऊ विमानांतून टाकलेल्या थोड्याशा डब्यांवर शिबंदी जगू शकत नव्हती. लेह आणि स्कर्दू यांच्या नशिबातील फरक एका धावपट्टीचा होता.

या युद्धात काश्मीरमधील हवाई कारवाईच्या विंगचे नेतृत्व विंग कमांडर हृषीकेश मुळगावकर यांच्याकडे होते. त्यांना महावीरचक्र मिळाले, पुढे १९७६ मध्ये ते हवाई दलाचे प्रमुख झाले, आणि त्यांच्या आयुष्याची अखेर पुण्यात झाली. मराठी माणसाला पानिपताचे सरदार नावानिशी पाठ असतात. मुळगावकरांचे नाव मात्र आमच्या किती घरांत माहीत असेल, याचा विचार मनाला खिन्न करतो. या पुस्तकाच्या लेखनामागची एक प्रेरणा ही खिन्नता आहे, हे मी प्रांजळपणे नमूद करतो.

१९६२ च्या चीन युद्धाचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत दीर्घ आहे, आणि ते तसे असणे अपरिहार्य होते. त्या वर्षी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डी येथे, १६,६०० फुटांहून अधिक उंचीवर, पॅकेट जातीचे मालवाहू विमान उतरवले. इतक्या उंचीच्या धावपट्टीवर तोपर्यंत जगात कुणी मालवाहू विमान उतरवले नव्हते. ऑक्टोबरअखेर एएन-१२ विमानांनी एएमएक्स रणगाडे चुशूलला पोहोचवले. वाहतुकीच्या वैमानिकांनी आणि हेलिकॉप्टरच्या चालकांनी त्या दिवसांत जे केले, त्याला तोड नाही. तथापि पूर्वेकडे नामका चू नदीच्या काठी तैनात केलेल्या तुकड्यांसाठी त्सांगधरच्या चिंचोळ्या जागेवर टाकलेले सामान मोठ्या प्रमाणात दऱ्यांत आणि जंगलात पडून वाया गेले, सुती गणवेशातले जवान थंडीने आणि विरळ हवेच्या आजाराने खचले, आणि लढाऊ विमाने मात्र संपूर्ण युद्धभर तळांवर उभी राहिली.

ती उभी का ठेवली, याची चर्चा पुढे सविस्तर आली आहे. इथे एवढेच सांगतो की भूगोलाचा कौल आपल्या बाजूचा होता. आपली विमाने आसाम आणि पंजाब यांच्या सखल मैदानांतून पूर्ण भाराने उडणार होती, तर प्रतिपक्षाला तिबेटच्या बारा-चौदा हजार फुटांवरील तळांवरून, तोकडे इंधन आणि तोकडा बॉम्बगोळा घेऊन उडावे लागणार होते. शहरांवर हल्ले होतील या भयाने हा कौल वाचलाच गेला नाही. संकट शिगेला पोहोचल्यावर १९ नोव्हेंबरला परदेशी लढाऊ विमानांची याचना करणारे शासन आपल्या स्वतःच्या विमानांना हुकूम देत नव्हते, ही विसंगती इतिहासाने क्षमा करावी अशी नाही. वापरावयाचे नाही असा निर्णय विचारान्ती घेणे वेगळे. आणि काय वापरता येईल याचा विचारच आधी केलेला नसल्यामुळे निर्णयावाचून राहणे वेगळे. १९६२ मध्ये घडले ते दुसरे.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्याविषयी महाराष्ट्रात जे अभिमानाने बोलले जाते, त्याची पुनरावृत्ती मी करणार नाही. पण १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसल्यावर हवाई दल वापरण्याची मागणी त्यांच्यापुढे आली, तेव्हा त्यांनी तत्काळ अनुमती दिली आणि त्याच सायंकाळी पठाणकोटहून विमाने झेपावली, ही गोष्ट या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. छांब हा काही अत्युच्च प्रदेश नव्हे. तरीही हवाई दल हे सैन्याच्या हाताशी असलेले साधन आहे, शेवटच्या क्षणापर्यंत पेटीत जपून ठेवण्याचा जिन्नस नव्हे, हा विचार दिल्लीच्या दफ्तरात त्या दिवशी रुजला.

सियाचीनचे प्रकरण वाचकाला या विषयाच्या गाभ्यापर्यंत नेईल. १३ एप्रिल १९८४ रोजी सुमारे १८,००० फुटांवरील बिलाफोंड खिंडीवर हेलिकॉप्टरांनी कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीची पहिली तुकडी उतरवली. तिचे नेतृत्व कॅप्टन संजय कुलकर्णी करीत होते. पाकिस्तानी फौजेला त्या माथ्यांपर्यंत चढून यायचे होते आणि आपण तिथे आधीच पोहोचलो होतो. उंबरखिंडीचा सिद्धांत इथे हवाई मार्गाने सिद्ध झाला, परंतु एकही बॉम्ब न टाकता. तेव्हापासून त्या हिमनदावरील ठाण्यांचा प्राण चीता हेलिकॉप्टर हाच राहिला आहे. फ्रेंच लामाच्या आराखड्यावर बंगळुरात बनलेल्या या लहानशा यंत्राच्या मूळ जातीने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून जागतिक विक्रम केला होता. तरीही सर्वांत वरच्या ठाण्यांकडे जाताना त्याचे ओझे काही किलोंच्या हिशेबानेच मोजावे लागते. थोडे केरोसीन, थोडे औषध, टपाल, आणि परतीच्या खेपेत एखादा आजारी जवान एवढाच तो व्यवहार. पण त्या व्यवहारावर ठाणे टिकते किंवा रिकामे होते.

इथेच एक इशारा देणे आवश्यक वाटते. विमान माणसाला तासाभरात लेहला नेते, पण त्याच्या फुप्फुसांना नेत नाही. विरळ हवेची सवय होण्यासाठी भारतीय सैन्य टप्प्याटप्प्याचा नियम पाळते: ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात सहा दिवस, त्यावर १५,००० फुटांपर्यंत चार, आणि त्याहून वर जायचे तर आणखी चार. हा नियम मोडून घाईने वर नेलेला निरोगी जवान फुप्फुसांत पाणी साचून काही तासांत दगावू शकतो. कुमक वेगाने पोहोचवण्याचे सामर्थ्य आणि पोहोचलेल्या कुमकेची लढण्याची क्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करणारा सेनापती हवाई दलाच्या वेगानेच फसतो.

अखेरचे प्रकरण १९९९ च्या कारगिल युद्धाचे. त्या वेळी हवाई दलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. द्रास आणि बटालिकच्या १४,००० ते १८,००० फुटांच्या कड्यांवर बसलेल्या शत्रूला हुसकण्यासाठी सशस्त्र हेलिकॉप्टरांची मागणी भूदलाकडून आली, तेव्हा त्या जातीची हेलिकॉप्टरे त्या उंचीवर काम करू शकत नाहीत आणि हवाई प्रहारासाठी शासनाची स्पष्ट अनुमती हवी, अशी भूमिका हवाई दलाने घेतली. २५ मे रोजी नियंत्रणरेषा न ओलांडण्याच्या अटीवर अनुमती मिळाली, आणि २६ मे रोजी ‘सफेद सागर’ मोहीम सुरू झाली. पुढच्या दोन दिवसांत दोन लढाऊ विमाने आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गमवावे लागले. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आणि हेलिकॉप्टरमधील चौघे धारातीर्थी पडले.

या हानीचे कारण शौर्याची उणीव नव्हते. कारण पर्वत हे होते. खांद्यावरून सोडण्याचे क्षेपणास्त्र मैदानात जेवढे वर जाते, तेवढेच ते कड्यावरूनही जाते. पण कड्याची उंची आधीच सोळा हजार फूट असल्यामुळे विमानाला सुरक्षित राहण्यासाठी तीस हजार फुटांच्या आसपास राहावे लागते. तिथून टाकलेला बॉम्ब विरळ हवेत कमी अडतो, अधिक पुढे जातो, आणि सखल प्रदेशासाठी बनवलेले नेमाचे कोष्टक चुकते. मैदानात पन्नास यार्डांची चूक खपून जाते. धारदार कड्यावर तेवढ्याच चुकीने बॉम्ब पलीकडच्या दरीत शेकडो फूट खाली जाऊन फुटतो. हवाई दलाचे खरे श्रेष्ठत्व मला दिसते ते यानंतरच्या तीन आठवड्यांत. डावपेच बदलले गेले, हेलिकॉप्टरे प्रहारातून काढून घेतली गेली, मिग विमानांच्या वैमानिकांनी हातात धरायचे जीपीएस यंत्र आणि घड्याळ यांच्या आधाराने उंचावरून बॉम्ब टाकण्याची रीत बसवली, आणि मिराज विमानांना लेझर मार्गदर्शित बॉम्ब जोडले गेले. १७ जून रोजी बटालिक भागातील मुंथो ढालो येथील शत्रूचे रसदतळ उद्ध्वस्त झाले. २४ जून रोजी टायगर हिलवर अचूक प्रहार झाला, आणि ४ जुलैला तो माथा आपल्या पायदळाने जिंकला.

मुंथो ढालोला मी टायगर हिलपेक्षा अधिक महत्त्व दिले आहे, आणि त्यावर मतभेद होतील याची मला कल्पना आहे. पण कड्यावरच्या दगडी मोर्चातील चार माणसे मारण्यापेक्षा त्यांच्या पाठीमागचा धान्याचा, दारूगोळ्याचा आणि तंबूंचा साठा नष्ट करणे हा पर्वतात प्रहाराचा अधिक फलदायी उपयोग आहे, असे या युद्धाचा अभ्यास सांगतो. म्हणजेच प्रहाराचेही खरे लक्ष्य रसद हेच ठरते. आणि तरीही तोलोलिंग, टायगर हिल ही शिखरे अखेर रात्रीच्या काळोखात दोर धरून, पाठीवर ओझे घेऊन चढणाऱ्या पायदळानेच घेतली, हे विसरणारा हवाई दलाचाही मित्र नव्हे.

दौलत बेग ओल्डीची धावपट्टी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून चार दशकांहून अधिक काळ बंद राहिली. ३१ मे २००८ रोजी एएन-३२ विमान तिथे पुन्हा उतरले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी सी-१३०जे हे त्याहून मोठे विमान उतरले. राजे यांनी १९६२ मध्ये जे साध्य केले, ते टिकवण्यासाठी लागणारी साधी देखभाल आपल्या राज्यव्यवस्थेने इतकी वर्षे का केली नाही, हा प्रश्न मी या पुस्तकात अनेकदा विचारला आहे. धावपट्ट्या, वैमानिकांचा उंचीवरील सराव, बॉम्बनेमाची नवी कोष्टके, शरीराला हवेची सवय लावण्याची शिस्त आणि भूदल व हवाई दल यांचा एकत्र विचार, यांपैकी एकही गोष्ट युद्ध सुरू झाल्यावर विकत घेता येत नाही.

हे पुस्तक सेनाधिकाऱ्यांसाठी लिहिलेले नाही. त्यांच्यापाशी याहून सूक्ष्म ज्ञान आहे. ते लिहिले आहे मराठी नागरिकासाठी, जो किल्ल्यांवर प्रेम करतो, सैन्याचा आदर करतो, पण संरक्षणाच्या तरतुदीची चर्चा निघाली की ती तज्ज्ञांची बाब म्हणून बाजूला होतो. माझी त्याला एवढीच विनंती आहे की ही प्रकरणे वाचताना लडाखचा उंचीच्या रेषांचा नकाशा शेजारी उघडा ठेवावा, प्रत्येक ठाण्याची उंची स्वतः तपासून पाहावी, आणि पुढच्या वेळी लोकसभेत एखाद्या सरहद्दीवरील धावपट्टीसाठी पैसे मागितले जातील, तेव्हा त्या पैशांचा हिशेब आणि त्या कामाची मुदत, दोन्ही आपल्या प्रतिनिधीला आवर्जून विचारावीत.